करकोच्याला कसर का लागली नाही?

“माझ्या हातचा घास आमच्या ह्यांनी बंद केलाय,” खुर्चीत टेकायच्या आतच बाई म्हणाली. “नणंद म्हणते, मीच विष घालते. उद्या ती पोलिसांत जाणार आहे.”

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. या खासगी गुप्तहेर बाईंना सगळे मावशीच म्हणत. त्यांचा कामातला जोडीदार, एक निवृत्त हवालदार, वयाने मोठा असूनही तसंच म्हणे. चोर सापडण्यापेक्षा निरपराध माणूस सुटला की त्यांचा चेहरा जास्त खुलतो, हे हवालदाराने पाहिलं होतं आणि त्याचं त्याला फार कौतुक होतं.

बाईचा नवरा संग्रहालयात कारागीर होता. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यात भुसा भरून तो ते असे उभे करी, की बघणाऱ्याने दबकत पाऊल टाकावं. वर्षभरात त्याचा रक्तदाब चढला, छातीत धडधड सुरू झाली, पायाची बोटं गार पडली आणि एक तर काळं पडलं. ना विडी, ना मधुमेह. शेवटी डॉक्टरांनी नखं तपासली, तर त्यात आर्सेनिक निघालं.

“आर्सेनिकने पोट बिघडतं. हृदयाचा काय संबंध?” हवालदाराने विचारलं.

“एकदम गेलं तर पोट. थोडं थोडं, रोज गेलं, तर रक्तवाहिन्या आतून खराब होऊन अरुंद होतात. हृदयाचा ताल बिघडतो. रोज, हवालदार. हे लक्षात ठेवा.”

हवालदाराने ठेवलं आणि बाईकडे संशयाने पाहिलं. रोज कोण जेवायला घालतं?

दोघं नणंदेच्या घरी गेले, तर तिने त्याच्या मनातलंच बोलून दाखवलं. “भाऊ महिनाभर माझ्याकडे विश्रांतीला होता, तेव्हा कसा तरतरीत झाला! घरी परतून कामाला लागला आणि पुन्हा तब्येत ढासळली. आणखी काय पुरावा हवा?”

“विश्रांतीला, म्हणजे कामावर जात नव्हते?”

“छे! मी जाऊ देते की काय?”

मग दोघं संग्रहालयाच्या कामाच्या खोलीत गेले. कारागिराचा सोबती अण्णा मनगटाला बांधलेल्या कापसाच्या गादीत टाचण्या खोचत बसला होता.

“वहिनींच्या डब्यात विष? अहो, अर्धा डबा मीच फस्त करायचो! माझ्याकडे बघा.” अण्णाने पोटावर थाप मारली.

मावशी कपाटासमोर थांबल्या होत्या. “या बगळ्याची पार चाळण झालीय.”

“कसर लागली. आम्हीच केलेला, नवा. आणि हा करकोचा बघा, आजोबांच्या वयाचा, पिसालाही धक्का नाही. गेल्या वर्षी एका जुन्या बंगल्यातून असे कपाटभर आले. उसवून पुन्हा शिवतोय.”

कारागीर करकोच्याच्या पंखावर वाकला होता. हातात पांढरेशुभ्र मोजे. घामाचा डाग पिसांना लागू नये म्हणून. हवालदाराने नमस्कार केला. कारागिराने ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या, मग बोलला, “बायकोवर माझा संशय नाही हो. पण भीती वाटते.”

मावशी एवढंच म्हणाल्या, “संध्याकाळी बहिणीला आणि बायकोला इथेच बोलवा.”

संध्याकाळी सगळे जमले. बायको डबा छातीशी धरून दाराशीच उभी राहिली.

“डब्यात विष असतं, तर अण्णा एवढे गुटगुटीत राहिले नसते,” मावशी म्हणाल्या. “बहिणीकडे हे सुधारले, ते बायकोच्या हातचं सुटलं म्हणून नव्हे, काम सुटलं म्हणून. म्हणजे विष या खोलीत. आता सांगा, नव्या बगळ्याला कसर लागते, जुन्या करकोच्याला का नाही?”

हवालदार टक्कल खाजवू लागला.

“कारण जुने कारागीर कातड्याला आतून आर्सेनिक चोपडत. किडा मरतो, पक्षी टिकतो. करकोच्याची कातडी मी दुपारीच तपासून घेतली, आर्सेनिकच आहे.”

“पण मी मोजे घालतो!” कारागीर म्हणाला.

“हाताला घालता. ओठांना काय? त्या कातडीतून निघालेली प्रत्येक टाचणी तुम्ही ओठांत धरता. अण्णा गादीत खोचतात. एवढाच फरक. तरी अण्णा, तुम्हीही तपासून घ्या; धूळ दोघांच्याही नाकात जाते.”

कारागिराचा हात तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. “जुन्या टाचण्या वाकत नाहीत म्हणून जपून ठेवत होतो,” तो पुटपुटला.

“काळं पडलेलं बोट पहिल्यासारखं होईल, असं मी म्हणणार नाही. पण विष थांबलं. आता हृदयाचं डॉक्टर बघतील.”

सकाळपासून हवालदारही हेच सगळं बघत होता, आणि मनातल्या मनात त्याने एका निरपराध बाईला बेड्या घातल्या होत्या.

अण्णाने आपली गादी सोडून कारागिराच्या मनगटाला बांधली. कारागिराने मोजे काढले, खळखळून चूळ भरली, हात धुतले आणि बायकोकडे बघितलं.

“डबा आणलायस?”

“रोजच आणते,” ती म्हणाली. “तुम्ही उघडत नाही.”

बाहेरच्या ओसरीत तो जेवायला बसला. पहिला घास घेताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

नणंद बराच वेळ खांबाला टेकून उभी होती. मग ती भावाशेजारी येऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, “वहिनी, मलाही थोडं वाढ.”