बिनदिव्याचा फ्रिज

ताईची आई तिचं सामान न्यायला येणार होती, म्हणून सुट्टी असूनही त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळा उघडून बसले होते. सामान फारसं नव्हतंच: एक अ‍ॅप्रन, चष्म्याची डबी, चहाचा मग.

ताई माझी सीनियर. तिचं काचेचं उपकरण इथरवर चाले आणि ते सतत गार ठेवावं लागे. तेव्हा सगळेच करत, तसं तिनेही ते साध्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवलं होतं. इथर चटकन उडून जातं आणि तितक्याच चटकन पेट घेतं. बूच किंचित सैल राहिलं, तरी त्याची वाफ बंद फ्रिजमध्ये साचत जाते. आणि घरगुती फ्रिजचं दार उघडताच दिव्याच्या बटणात एक बारीकशी ठिणगी पडते. ती डोळ्यांना दिसतही नाही. ताईने दार उघडलं, एवढंच.

आता त्या जागी खास इथरसाठी बनवलेला फ्रिज आहे. आत दिवा नाही, बटण नाही; ठिणगी पडेल असं जे काही, ते सगळं बाहेरच्या अंगाला. त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.

काकू, म्हणजे ताईची आई, आल्या. सामानाकडे न बघता त्या थेट फ्रिजसमोर उभ्या राहिल्या.

“हा तो नव्हे, काकू,” मी हळूच म्हटलं. “हा नवा. आत दिवाच नाही.”

आमचे प्रयोगशाळा सेवक मामा मागेच टेबल पुसत होते. वातावरण हलकं करावं, या भाबड्या हेतूने ते बोलून गेले, “आमच्या साहेबांसारखाच आहे, वहिनी. आतून थंडगार, आणि उजेड म्हणून पडायचा नाही!”

काकूंचा चेहरा पाहून मामांच्या हातातलं फडकं थांबलं. “चहा सांगून येतो,” असं पुटपुटत ते बाहेर गेले.

“त्या सकाळी फोनवर मी तिला हेच म्हटलं होतं,” काकू म्हणाल्या. “बरोबरीच्या सगळ्या मार्गी लागल्या, तू एवढं शिकून काय उजेड पाडलास? ती हसली. म्हणाली, पाडते गं, जरा धीर धर... तेच शेवटचं.”

काकूंनी स्टूल ओढून घेतलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बसून राहिल्या.

तेवढ्यात वीज गेली.

पंखे रेंगाळत थांबले. फ्रिजची घरघर एक आचका देऊन बंद पडली. बाहेर दिवस मावळला होता. खिडक्यांच्या धुरकट काचांतून येणारी करडी तिरीपही बघता बघता विरली. वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही, आतला गारवा टिकवायचा, असा आमचा नियम. मी काकूंना तेच सांगत होते, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“अगं... आत दिवा नाही म्हणालीस ना?”

दाराच्या कडेला, रबरी पट्टीखालून, एक बारीक पिवळी रेघ दिसत होती.

वीज नव्हती. दिवाही नव्हता. तरीही ती रेघ होती. स्थिर आणि मऊ, घराघरांतल्या फ्रिजमध्ये असते तशी. त्याच क्षणी मला इथरचा गोडसर वास आला.

“काकू, मागे व्हा. आत काही तापलेलं असेल, तर हे दार...”

पण काकूंचा हात दाराच्या मुठीवर होता.

“लहानपणी अंधारात झोपायची नाही गं ती,” त्या म्हणाल्या. मग दाराला कपाळ टेकवून, निजलेल्या लेकराशी बोलावं तसं कुजबुजल्या, “बाळा, मी रागाच्या भरात बोलले होते. तुझ्यावर नव्हता गं राग... तू दूर राहतेस, याचा होता.”

रेघ थरथरली. मी काकूंची बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. त्यांनी विरोध केला नाही. हुंदका तेवढा फुटला, तोही तोंडात पदर कोंबून. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. वास पूर्ण ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि मग, काकूंना दाराबाहेर उभं करून, मी फ्रिज उघडला.

आत काळोख होता. उपकरण जागच्या जागी, बाटल्यांची बुचं घट्ट. मी दार लावलं. पिवळी रेघ परत आली.

“राहू दे,” उंबऱ्यातून काकू म्हणाल्या. “उघडलंस की तिला अंधार होतो.”

वीज आली, तेव्हा ट्यूबलाइटच्या झगमगाटात काहीच दिसेनासं झालं. मामांनी आणलेला चहा काकूंनी घेतला, सामान घेतलं. जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. येताना होता, त्याहून त्यांचा चेहरा पुष्कळ निवलेला होता. ही गोष्ट इथेच संपली असती, तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. शोकाकुल माणसाला भास होतात, आणि त्यातला एक माझ्यापर्यंत पोहोचला, असं म्हणून गप्प राहिले असते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांचा फोन आला.

“आमच्या घरचा फ्रिज उघडला की आत अंधार,” त्या सांगत होत्या. “मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणतो, बल्ब कुठाय? आत नुसता होल्डर. कुणी काढला, म्हणून मलाच विचारतोय! घरात मी एकटी. मी कशाला काढू?”

मी मान वळवून प्रयोगशाळेतल्या फ्रिजकडे पाहिलं.

“तिनेच नेला असेल ना गं?” काकूंचा आवाज समाधानाने ओथंबला होता. “नेऊ दे. तिला लागेल.”

फोन कानाशी तसाच धरून मी फ्रिजपाशी गेले आणि दारावर तळवा ठेवला. पत्रा थंडगार होता. फक्त वरच्या कोपऱ्यात, बल्बएवढ्या एका जागी, हात ठेववत नव्हता.