समोरच्या काठावरचे वजन

हिवाळ्याच्या तोंडाशी, एका मंगळवारी, सकाळच्या वेळी, भरती थांबून ओहोटी सुरू होण्यापूर्वी पाणी जेव्हा थोडा वेळ निश्चल असते तेव्हा, मासळीबाजाराच्या मागच्या जुन्या धक्क्यावर पुढील घटना घडली.

ती खरी आहे.

खरी आहे असे भयकथा सांगणारा प्रत्येकजण म्हणतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच स्पष्ट करतो. ही गोष्ट माझ्या थोरल्या मामांच्या अंगावरून गेली आहे. त्यांची मुलगी ती धक्क्यावरून पाहत होती. दोघांनी मला ती वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांच्या माघारी सांगितली. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तो इतकाच, की मुलगी रडत सांगे आणि मामा मध्येच थांबून दाराकडे पाहत.

त्या वेळी अंधार नव्हता. वारा नव्हता. झाडावर घुबड नव्हते. त्या धक्क्यावर झाडच नाही. लख्ख ऊन होते.

आणि होडीत एकच माणूस बसला होता...

मामा आणि मामी यांनी घरात जेवढा संसार केला, त्याहून अधिक तो होडीत केला. किनाऱ्यालगत जाळे टाकायचे, ओढायचे, परत यायचे. लहान होडीत जाळे ओढणारा एका काठावरून कमरेपर्यंत बाहेर वाकतो. त्याच क्षणी दुसऱ्याने समोरच्या काठावर आपले वजन टाकावे लागते. नाहीतर होडी कलते आणि दोघे पाण्यात जातात. वाकण्यापूर्वी मामा म्हणत, "वाकतोय गं." मामी तोंडाने उत्तर देत नसे. हातातली अंगठी काठावर आपटे. टक्. म्हणजे ती बसली. मग मामा मागे न पाहता वाकत.

आयुष्यभर त्यांनी मागे पाहिले नाही. पाहायची गरजच पडली नाही.

मामीला मरण समुद्रात आले नाही, हे वाचकाने लक्षात ठेवावे. ती इस्पितळाच्या खाटेवर, खिडकीकडे तोंड करून, अगदी शांतपणे गेली. मामांची जुनी होडी दोन माणसांची होती. ती एकट्याला वाळूवरून ओढवत नसे. ती विकली. मामा मुलीच्या घरी राहायला आले. तिथे त्यांना खुर्ची होती, टीव्ही होता, वेळेवर औषध होते, आणि करण्यासारखे काहीही नव्हते. महिन्याभरात ते इतके वाळले, की शेवटी मुलीनेच विषय काढला.

"बाबा, एकट्याला झेपेल अशी लहान होडी बघू या. परवडेल अशी. पण माझी एक अट आहे. तुम्ही जाळं ओढाल ते मी किनाऱ्यावरून बघणार. होडी कलली, तर समुद्राचं नाव काढायचं नाही. कायमचं."

"म्हणजे तू परीक्षा घेणार माझी?"

"तुमची नाही, होडीची."

पण परीक्षा मामांचीच होती. एकट्या माणसाने होडीच्या मध्यावर गुडघे टेकून, अंग आत ठेवून, थोडे थोडे जाळे ओढायचे असते. हे मामांना माहीत होते. त्यांच्या अंगाला माहीत नव्हते.

पहिली होडी त्यांनी पाहिली ती फायबरची. हलकी, गुळगुळीत, पिवळी. विकणारा तरुण अदबीने म्हणाला, "काका, ही उलटतच नाही. कंपनीने लिहून दिलंय."

"समुद्राला वाचता येतं का?" मामांनी विचारले.

तरीही त्यांनी ती पाण्यात घातली. जाळे टाकले. ओढायला घेतले. आणि सवयीने, अगदी सवयीने, म्हणाले, "वाकतोय गं."

काठ खचकन पाण्याखाली गेला. मामांनी अंग मागे फेकले म्हणून वाचले. पण ते चिंब भिजले आणि किनाऱ्यावर मुलगी किंचाळली. घरी जाताना ती म्हणाली, "अजून एक बघू. शेवटची." पाण्याचे मामांना काही वाटले नव्हते. आपण आवाज दिला आणि मागून 'टक्' आले नाही, हे त्यांच्या छातीत रुतून बसले होते.

शेवटची होडी शिंपिणीची होती.

धक्क्यावर तिला सगळे शिंपीण म्हणत. ती स्वतः जन्माने समुद्रावरची. नवरा शिंपी, म्हणून ती शिंपीण. तिची होडी स्वस्तात मिळण्यासारखी होती, तरी विकली गेली नव्हती; कारण गिऱ्हाईक आले की ती त्याच्यातच खोड काढी. हा फार जाडा, तो फार बोलतो, त्याच्या हाताला होडीची माया नाही.

मामांनी होडी उलटी करवून घेतली. तळाच्या फळ्यांवर बोटाने ठोकत आवाज ऐकला. सांध्यांत नख घालून पाहिले. फळ्यांना नाक लावून कुजका वास येतो का ते पाहिले. तळ चपटा होता, काठ जाळे ओढायला पुरेसे बुटके, वजन एकट्याला ओढता येईल इतके. अशी होडी शोधून सापडत नाही.

शिंपीण पायरीवर बसून हे सारे पाहत होती. म्हणाली, "भाऊ, तुम्ही होडी बघताय की सून?"

मुलगी हसली. मामाही हसले. मामी गेल्यानंतर प्रथमच.

"कोण चालवायचं ही?" मामांनी विचारले.

"आम्ही दोघं. माझा माणूस सुईत दोरा एका फटक्यात ओवायचा, पण होडीत बसायची अक्कल त्याला शेवटपर्यंत आली नाही. मी या काठाला वाकले, की हाही याच काठाला! 'बघू बघू, काय आलं?' मी ओरडायचे, अहो, पलीकडे जा! तोवर दोघं पाण्यात. किती वेळा भिजवलं असेल त्या वेड्यानं मला..."

"आता कुठे असतात ते?" मुलीने विचारले. आणि विचारता विचारताच तिला कळले.

शिंपिणीने पदर सारखा केला. "मला ताप होता. एकटाच गेला. होडी आली परत."

"जा, घेऊन जा पाण्यात," ती मामांना म्हणाली. "ओढून बघा जाळं."

मामा वल्हे मारत हाकेच्या अंतरावर गेले. जाळे टाकले. थांबले. मध्यावर गुडघे टेकले, अंग आत ठेवले, आणि ठरवल्याप्रमाणे थोडे थोडे ओढू लागले.

जाळे जड झाले.

शेवाळ असेल, मासळी असेल. मामांना जोर लावावा लागला. जोर लावताना माणूस ठरवलेले विसरतो आणि सवयीवर येतो.

"वाकतोय गं."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांचे अंग कमरेपर्यंत काठाबाहेर गेले. चूक कळली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी डोळे मिटले. आता पाणी येणार...

पाणी आले नाही.

काठ जागचा हलला नाही. होडी सपाट राहिली.

आणि मागे, समोरच्या काठावर...

टक्.

येथे शहाणे वाचक म्हणतील की प्रवाहाने होडी तोलली असेल. पाणी त्या वेळी स्थिर होते. म्हणतील की जाळ्यामुळे तोल राहिला. जाळे मामांच्याच बाजूला होते. त्याने काठ अधिक खाली जायला हवा होता. मीही खूप वाद घातला, स्वतःशी आणि मामांशी. एका काठावर पूर्ण वाकलेला माणूस तोलायचा, तर समोरच्या काठावर तितकेच वजन लागते. दुसरा मार्ग नाही.

मामांनी मागे पाहिले नाही. ते अंग आत घेऊन पुन्हा वाकले. होडी सपाट. तिसऱ्यांदा वाकले, छातीपर्यंत बाहेर. होडी सपाट.

मग ते तसेच, पाण्याकडे तोंड करून बोलू लागले. "औषध घेतोय मी. वेळेवर घेतोय. तुझा चष्मा सापडला, कपाटाच्या मागे पडला होता. पोरगी बरी आहे, फक्त चिडते लवकर, तुझ्यासारखी..."

धक्क्यावर मुलगी उभी राहिली होती. "बाबा पडत का नाहीत?" ती पुटपुटली.

तिच्या शेजारी शिंपीणही उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"परत या!" ती ओरडली. "भाऊ, आत्ताच्या आत्ता परत या!"

मामा आले. डोळे वाहत होते, पण चेहरा तरुण दिसत होता. "बाई, ही होडी माझी. तुम्ही मागाल ते देतो."

"उतरा."

"अहो, पण..."

"उतरा म्हणते ना!"

ती होडीत चढली. दोन वल्ही मारून धक्क्यापासून थोडी दूर गेली. वल्ही आत ठेवली. मामा ज्या काठावरून वाकले होते, त्याच काठावरून ती वाकली. हळूच, कोणाला उठवायचे नसावे तशी.

टक्.

हा आवाज मामांनी ऐकला, मुलीनेही ऐकला. पण तो समोरच्या काठावर झाला नाही. तिच्याच काठावर झाला. तिच्या हाताशेजारी...

आणि होडी कलली.

मामांची हयात होड्यांत गेली होती. एका सडपातळ बाईच्या वजनाने होडी किती कलते हे त्यांना सांगायला नको. ही त्याच्या दुपटीने कलली. पलीकडचा काठ वर उचलला गेला, तळ उन्हात चमकला, आणि शिंपीण पाण्यात पडली.

मुलगी किंचाळली. मामा पायऱ्या उतरून धावले. पण पोहणारीच ती. वर आली आणि दोन्ही हातांनी काठ धरून तशीच तरंगत राहिली.

ती हसत होती.

"भिजवलंस!" ती म्हणत होती. "मेल्या, परत भिजवलंस मला!"

हसणे कुठे संपले आणि रडणे कुठे सुरू झाले, ते दोघांनाही सांगता येत नाही.

मामांनी पाण्यात उतरून तिला होडीसकट पायरीशी ओढून घेतले. "बाई, तो आवाज माझ्या बायकोच्या अंगठीचा आहे. मी ओळखतो."

"शिवताना बोटात घालायची लोखंडी टोपी असते ना? माझा माणूस ती समुद्रावरसुद्धा काढायचा नाही. दोरी बोट कापते म्हणायचा."

"पण त्यांना पलीकडे बसायचं कळत नव्हतं, तुम्हीच सांगितलंत! माझ्या वेळी कोणीतरी पलीकडे बसलं होतं. नीट बसलं होतं. ते वजन माझ्या बायकोचं आहे."

"शिकला असेल," शिंपीण म्हणाली. "आता दुसरं काम काय आहे त्याला?"

"मग तुमच्या वेळी तुमच्याच बाजूला का आला?"

तिने होडीच्या ओल्या काठावर तळवा ठेवला.

"मला बघायला."

पुढे काय झाले ते येथेच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत शेवटचा शब्द माझा नाही. मामांनी मुलीला काठाबाहेर न वाकण्याचा शब्द दिला आणि पिवळी फायबरची होडी घेतली. ते मध्यावर गुडघे टेकतात, अंग आत ठेवतात, मुलगी समाधानी आहे. जाळे ओढण्यापूर्वी ते अजूनही म्हणतात, "वाकतोय गं." मग थांबतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मी समोरच्या काठावर बसू का, असे विचारले. "नको," ते म्हणाले, "ती जागा राहू दे." आम्ही दोघेही ऐकत राहिलो. पाण्याखेरीज कसलाही आवाज आला नाही.

त्या होडीत कोण होते? मामी, की तो शिंपी, की दोघेही? मला ठरवता आलेले नाही. लहान होडीत मी आता बसत नाही.

त्या सकाळी मात्र मामांनी हात जोडले. "एकदाच," ते शिंपिणीला म्हणाले. "फक्त एकदा बसू द्या. मी मागे वळून बघतो. ती असली तर कळेल मला."

शिंपीण होडीचा दोर धक्क्याच्या खुंट्याला बांधत होती. तिने एक गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. मग ओल्या पदराने तोंड पुसून, कोणाकडेही न पाहता, म्हणाली:

"होडी विकायची नाही, भाऊ. तिच्यात माणूस आहे."