तळघरातली गुणगुण

"कोण गुणगुणतंय? बंद करा बरं!"

मी ओरडले आणि हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबले. तळघरात मी एकटीच होते, निदान मला तसं वाटत होतं. सगळ्यांना वर पाठवायचं आणि रिकाम्या खोलीची अर्धं मिनिट शांतता टिपून घ्यायची, हे माझं रोजचं काम. शांततेलाही आवाज असतो आणि प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पण या शांततेत एक लहान पोरगी गुणगुणत होती. बारीक, नाकातल्या नाकात… तीन सूर चढायचे आणि मग एक लांब श्वास.

डब्यांच्या मांडणीमागून एक कुरळं डोकं हळूच वर आलं. गालाला डिंक आणि कपाळावर चिकटलेलं लेबल – 'सन २०९९ पर्यंत खाण्यास योग्य'.

"मी नाही हं," तो म्हणाला. "मी गायलो तर डबे फुगतात."

"मग कोण? भिंत?"

"भिंत असेलही. या घराचं काही सांगता येत नाही." त्यानं हात पुढे केला, डिंक बघून मागे घेतला. "डार्सी. डबे, कंदील, वायुमुखवटे, जगबुडीचं सगळं सामान माझ्याकडे. आणि तू?"

"नेरिडा. आवाज."

"बोलतेस कमी, म्हणूनच आवाजाचं खातं दिलंय वाटतं," तो म्हणाला आणि हसला. मला हसायचं नव्हतं… पण हसले.

मेरिंगा गावाबाहेरच्या त्या जुन्या इमारतीत आमच्या विनोदी मालिकेचं शूटिंग चाललं होतं. नाव 'दुसरी जगबुडी'. लिहिणारी आणि दिग्दर्शन करणारी रोशेल आमच्यातलीच, म्हणजे गोरे येण्याआधीपासूनच्या इथल्या मूळ रहिवाशांतली; नटही बहुतेक आमच्यातलेच. जग बुडणार म्हणून डबे भरून तळघरात बसलेल्या सहा जणांची गोष्ट. पहिल्याच भागात गोरा शेजारी विचारतो, "तुम्हाला याचा काही अनुभव?" तेव्हा म्हातारी पुढारीण म्हणते, "आहे की. आमचं एकदा बुडालंय. जहाजं आली तेव्हा."

ती म्हातारी म्हणजे व्हर्ना आत्या. डार्सीच्या वडिलांची थोरली बहीण. पण सेटवर सगळेच तिला आत्या म्हणत.

दुसऱ्या दिवशी डार्सी माझ्यासाठी तव्यावरचे गरम जॉनी केक घेऊन आला, वर पाक ओतलेले. पायरीवर शेजारी बसला, इतका जवळ की त्याच्या शर्टाचा लाकडी भुशाचा वास यावा.

"तुझी माणसं कोण?" त्यानं सहज विचारलं.

आमच्यात हा प्रश्न नावाच्याही आधी येतो. कुठली नदी, कुठलं घर, कोण आजी. मी घास गिळायला मुद्दाम वेळ लावला.

"सिडनीची."

"सिडनी हे काही माणसाचं नाव नाही."

"मला माहीत नाही, डार्सी," मी म्हणाले. "माझ्या आजीला, आईच्या आईला, सहाव्या वर्षी सरकारनं घरातून उचलून होममध्ये नेलं, आपल्यातल्या कितीतरी पोरांसारखं. आयव्ही हे नावसुद्धा तिथंच ठेवलेलं. कागद आगीत गेले म्हणे. ती काही बोलायचीच नाही. तीन वर्षांपूर्वी गेली."

त्यानं पाकाचं भांडं हळूच खाली ठेवलं.

"कुठल्या होममध्ये होती?"

"तेही माहीत नाही."

तो त्या इमारतीकडे बघत राहिला. उंच खिडक्या, त्यांना आतून नाही, बाहेरून कड्या. मलाही ठाऊक होतं की हे एके काळी मुलींचं होम होतं. नेलेल्या मुलींचं. म्हणून तर मी हे काम धरलं होतं… आणि म्हणूनच पहिल्या दिवशी त्या तळघरात उतरताना मी प्रत्येक पायरीवर थांबत होते.

गुणगुण थांबली नाही. कधी असायची, कधी नसायची. फक्त तळघरात, आणि फक्त मी एकटी उतरले की. मी कुणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी सिडनीहून संकलकाचा फोन आला. "नेरी, सगळं झकास आहे. पण ती गाणारी मुलगी कोण? पटकथेत तर नाही."

 म्हणजे माझ्या कानांचा भास नव्हता.

व्हर्ना आत्याला सांगितलं तर तिला नवल वाटलंच नाही. तिनं निलगिरीचा ओला पाला पेटवला, धूर घेऊन एकेक पायरी उतरली, आणि भिंतींशी बोलल्यासारखं बोलत राहिली.

"हाकलताय का तिला?" मी विचारलं.

"छे! लेकराला कोण हाकलतं?" आत्या म्हणाली. "आम्ही आलोय, एवढं सांगायचं. माणूस म्हातारं होऊन मरतं ग, पण ज्या वयात कोंडतात ना, ते वय तिथंच बसून राहतं."

धुरातून डार्सी माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे. आत्यानं ते बघितलं आणि फांदी खाली टाकली.

"तुम्ही दोघं जरा थांबा," ती म्हणाली. "आधी मला नीट सांग पोरी, तुझी आजी कोण."

मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. आत्या पायरीवर बसली. तिची मोठी बहीण, डल्सी, सहा वर्षांची असताना याच होममध्ये आणली होती. परत आलीच नाही. साल जुळत होतं. वय जुळत होतं. नावं तर सगळ्याच मुलींची बदलली होती.

"म्हणजे… माझी आजी तुमची बहीण असेल?"

"असेल." आत्याचे डोळे चमकले. सत्तर वर्षांची भूक होती त्या डोळ्यांत. "असली तर तू माझी नात. आणि हा…"

"मी हिचा मामा," डार्सी कसनुसं हसत म्हणाला. "मामा! अरे देवा."



त्या दिवसापासून त्यानं जॉनी केक आणले खरे, पण कुणाच्या तरी हाती पाठवले. पायरीवर माझ्याजवळ बसेना. लांबून हात हलवायचा. एकदा डब्यांच्या मांडणीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही एकाच फळीकडे हात नेला, आणि दोघांनीही चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"तुला काय वाटतं?" मी फटीतून विचारलं. "असेन मी तुमची?"

"आत्या रोज रात्री तुझ्यासाठी एक ताट जास्त वाढते," तो म्हणाला. "न सांगता. मला वाटतं तू असावीस… तिच्यासाठी."

"आणि तुझ्यासाठी?"

त्यानं एक डबा सरकवून फट अर्धी बुजवली.

"मला विचारू नकोस, नेरी."

सव्वीस वर्षं मी माणसं शोधत होते. आता एक म्हातारी माझ्यासाठी ताट वाढून बसली होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होते – नसो. ही माझी नसो. या विचाराची इतकी लाज वाटायची की आत्याच्या नजरेला नजर देता येईना.

चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, पश्चिमेकडून लाल भिंत चालत आली.

धुळीची वादळं नवी नाहीत. पण ही भिंत आभाळापर्यंत होती, आणि तिच्यापुढे पाखरं गप्प होऊन पळत होती. काही क्षणांत सूर्य विझला. अंगणात वायुमुखवटे घातलेले नट इकडून तिकडे धावत होते, आणि खरं कुठलं, नाटकातलं कुठलं, कळेना. बहुतेक जण ट्रकांत घुसले. कुणीतरी माझा हात धरून ओढलं. लाकडी भुशाचा वास… डार्सी. मागोमाग व्हर्ना आत्या, मुखवट्यासकट. तळघराचं दार लागलं आणि दिवे गेले.

"कंदील लाव ना!" आत्या मुखवट्यातून ओरडली.

डार्सीनं खुडबुड केली. "सगळे खोटे आहेत, आत्या. तीनशे डबे, चाळीस कंदील… आणि एक खरी मेणबत्ती नाही."

हसू येत होतं, भीतीही वाटत होती. दाराच्या फटीतून लाल उजेडाची एक रेघ पायऱ्यांवर पडली होती, बाकी मिट्ट काळोख. माझा हात अजून त्याच्या हातात होता. दोघांनाही सोडायचं सुचलं नाही.

आणि मग ती गायला लागली.

माझे हेडफोन गळ्यात होते. आवाज खोलीतच होता, कोपऱ्यातून, जमिनीलगत… तीन सूर चढले, लांब श्वास. तीन सूर, श्वास. डार्सीची बोटं गार पडली. त्यालाही ऐकू येत होतं.

मी डोळे मिटले. भीती कुठे गेली कोण जाणे. त्या श्वासानंतर काय येतं ते मला माहीत होतं! केस विंचरताना आजी हेच म्हणायची. पण ती सुरुवातीचे तीन सूर कधी म्हणत नसे, पुढचंच म्हणायची, उतरत जाणारं. म्हणून इतके दिवस ओळखलं नाही. मी गुणगुणले. कोपरा थबकला, ऐकत राहिला. मग तो बारीक आवाज माझ्या आवाजात मिसळला, आणि आम्ही दोघींनी ते शेवटपर्यंत नेलं.

नंतर फक्त वाऱ्याचा आवाज.

"पुन्हा म्हण," आत्या म्हणाली. मुखवटा तिनं काढला होता. "सगळं म्हण."

मी म्हटलं.  आत्या बोलली तेव्हा तिचा आवाज ओला होता.

"हे आमचं नाही, पोरी. अठराची होते तेव्हा मी बाका नदीवर संत्री तोडायला गेले होते. तिथे लोटी नावाची म्हातारी शिंपले काढताना हे म्हणायची. तिच्या घरातल्या बायकांचंच ते, दुसरं कुणी म्हणत नाही. तिची एक पोर नेली होती… तू त्यांची आहेस. माझी नाहीस."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी दुसरा चढला. मी चाचपडत तिच्यापर्यंत गेले, तिला मिठी मारली.

"मला माफ करा, आत्या. मी… मी हेच मागत होते."

"वेडी. मला काय दिसत नाही होय?" तिनं माझे केस थोपटले. "माझी डल्सी याच खोल्यांत होती. आणि कुणीतरी तिच्याजवळ बसून गात होतं. एवढं तरी आज कळलं मला."

वादळ ओसरलं तेव्हा सगळं जग तांबडं झालं होतं. गाड्या, झाडं, रोशेलचे केस. डार्सी माझ्या समोर उभा राहिला, पापण्यांवर धूळ.

"म्हणजे मी मामा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"कुणीच नाही?"

"ते अजून ठरायचंय," मी म्हणाले आणि पळाले.

आत्यानं चार ठिकाणी फोन केले. लोटीची धाकटी मुलगी मेव्हिस अजून तिथंच, नदीकाठी राहत होती. शूटिंग संपल्यावर डार्सीनं आपली गाडी काढली. पश्चिमेकडे सात तासांचा रस्ता. पहिले चार तास त्याची बडबड थांबली नाही, मग एकदम गप्प झाला.

"काय झालं?"

"काही नाही. तुला तुझी माणसं मिळतील. तू तिथंच राहशील. राहायलाच हवं." तो समोर बघत होता. "आणि मी… मी काय, गाडी चालवणारा."

मला खूप काही बोलायचं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज टिपणारी मी, मला माझाच आवाज सापडेना. रस्ता संपेपर्यंत तो सापडला नाही.

नदी आटली होती. ठिकठिकाणी डबकी, त्यांत पाणकोळी. पत्र्याच्या घरासमोर एक बारीकशी म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. मी उतरले. ती उठली, चालत आली, आणि काही न विचारता तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. तिची हनुवटी… आजीचीच हनुवटी होती ती.

"तिला आम्ही मिन म्हणायचो," ती पुटपुटली. "आयव्ही नाही. मिन."

किती वेळ आम्ही तशाच रडत उभ्या होतो, कोण जाणे. मग तिनं डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. डार्सी गाडीला टेकून, परकं असल्यासारखा, टोपी हातात घेऊन उभा होता.

"आणि हा कोण?"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. टोपी हातातल्या हातात फिरायची थांबली.

"हा माझा," मी म्हणाले.

आवाज आपोआप सापडला. त्यालाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. त्याचे कान तांबडेलाल झाले, टोपी हातातून निसटून धुळीत पडली.

"मग तिकडे काय उभा केलायस त्याला?" मेव्हिस आजी डाफरली. "चल रे, पाणी आण विहिरीवरून. चहा टाकायचाय."

आणि तो धावत सुटला… बादली न घेताच.