प्रश्न तिसरा : तुमचं लग्न झालंय का?

नदी ओलांडणारी आमची पिवळी नाव, फोरी, मध्यावर आली आणि बर्फमिसळीचा पाऊस आडवा झाला. माझी टोपी उडाली. ती झेलणाऱ्याच्या जॅकेटवर नाव शिवलेलं होतं — ओत्सो लेहतोमा, होडीदुरुस्ती.

हे नाव तर... माझ्या यादीतलं!

मी एस्टोनियाची लेलो. तुर्कूत राहून एका संस्थेतर्फे मोठ्या माणसांना ऑनलाइन एस्टोनियन शिकवते. ओत्सो लेहतोमा माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. कॅमेरा बंद, माइक बंद, उत्तरं लिहून. पण एक चूक नाही. आठ आठवड्यांत मी कारण विचारलं नव्हतं. फिनलंडमध्ये असं विचारणं म्हणजे बूट घालून दुसऱ्याच्या घरात शिरणं, आणि मीही आता इथलीच झालेय.

"कसे आहात?" मी एस्टोनियनमध्ये विचारलं.

त्यानं टोपी पिळली आणि गंभीरपणे त्याच भाषेत सांगितलं, "मला समुद्राकडे तोंड असलेल्या दोन खोल्या भाड्यानं हव्या आहेत."

चौथ्या धड्यातलं वाक्य!

"आणखी?" मी फिनिशवर आले.

"एवढंच... लाजतो मी, बाई."

"लाजणारी माणसं इतकी हसत नाहीत."

मग तो रोज फोरीवर दिसू लागला. शेवाळी डोळे... आणि त्यांत काहीतरी दडवलेलं. 'घरी कोण कोण?' याला वर्गात उत्तर आलं होतं, 'दोघं. त्यातलं एक जण फार घोरतं.' मग ते घोरणं ऐकणारी कोण? बायको? नवऱ्याच्या नावावर तीच शिकते की काय?

"सुट्टीत झाडावर चढता, असं वर्गात लिहिलंत?"

"आं? हो... अधूनमधून."

"कोणत्या झाडावर?"

"फार उंच नसलेल्या."

"लिहून कोण देतं तुम्हाला?"

"पोलीस आहात का?"

"त्याहून वाईट. मास्तरीण."

तो हसला. माझा सुटलेला मफलर सावरायला हात पुढे आला... आणि वाटेतच थांबला. तो अर्धा राहिलेला हात मी मनात घेऊन घरी आले. संशयही.

गुरुवारी तोंडी परीक्षा. कॅमेरा सक्तीचा.

पडद्यावर ओत्सो, केस चापून, कपाळावर घाम. "नाव?" त्यानं टेबलाखाली पाहिलं. कुजबुज झाली. त्यानं ती तशीच म्हणून दाखवली. पुस्तक मोठ्यांचं, प्रश्नही मोठ्यांचे. तिसरा मी जरा घाईनंच वाचला.

"तुमचं लग्न झालंय का?"

टेबलक्लॉथ उचलला गेला आणि पुढचा दात पडलेली नऊएक वर्षांची मुलगी वर आली. एस्टोनियन कसं, झऱ्यासारखं!

"झालं होतं, मोडलं! आई ओस्लोला असते. मी केर्तु. बाबांना काही येत नाही, सगळं मीच शिकले. माझी मैत्रीण मारी एस्टोनियात, पार्नूला परत गेली ना... आणि मुलांसाठी वर्गच नाही. सोळा वर्षं लागतात, म्हणून नाव बाबांचं. मला काढू नका, बाई! आणि हल्ली तुमचं नाव घेतलं की बाबा कॉफी सांडतात."

ओत्सोला एकही शब्द कळला नव्हता. "काय म्हणाली ही?"

"तुम्ही लबाड आहात, म्हणाली."

"मी नाही हं म्हटलं, बाबा!"

"संस्थेला खरं कळवावं लागेल," मी म्हणाले. केर्तुनं बाबांची बाही धरली.

"दोष माझा," ओत्सो घाईनं म्हणाला. "तिला राहू द्या."

"कळवणार की, ओत्सो लेहतोमा नापास. केर्तु माझ्या हमीवर वर्गात राहील. त्यांनी नकार दिला, तर दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात शिकेल."

केर्तुनं खुर्चीवर उडी मारली. तो मात्र पडद्याजवळ सरकला. "आणि... नापासानं काय करायचं?"

"पहिल्यापासून शिकायचं. समोर बसून."

"पहिल्या धड्यात काय असतं?"

"नाव सांगून हात मिळवायचा," केर्तु म्हणाली, "आणि लगेच सोडायचा."

"लगेच नाही सोडला तर?" हे त्यानं विचारलं मला.

"पुस्तकात... तसं काही दिलेलं नाही," मी म्हणाले, आणि माझे कान तापले.