जिंकलेलं वचन

“खोटं हरायचं नाही, तिर्गा. समोर कुणीही असो.”

आई हे म्हणाली तेव्हा ती तिर्गाच्या कमरेला कुस्तीचा पट्टा बांधत होती. पट्टा आईचाच, तिर्गाला दोन वेढे बसणारा. मग तिने मुलीचा तळवा चुलीवर धरला... ऊब लागेल इतका, चटका बसणार नाही इतका. “जाणूनबुजून हरलेली बाई जन्मभर नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहते. याला कळलंय की काय, म्हणून. तसलं जगणं नको तुला. घे शपथ.”

चुलीत ताबितीदेवी असते. तिच्यासमोर दिलेला शब्द शकांच्या कुठल्याही टोळीत कुणी मोडत नाही.

आई गेली. पट्टा आता एकाच वेढ्यात बसत होता. आणि आईचा नेमही तिर्गाने तसाच चालू ठेवला होता : सकाळचं पहिलं दूध चुलीतल्या देवीला वाहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

त्या नेमापायीच तर सगळा घोळ झाला.

पहाटे ती घोडीचं दूध काढून नदीच्या उथळ उतारावरून परतत होती. झिमझिम पाऊस, पाण्यावर धुकं. पलीकडून घंटेचा आवाज आला... किणकिण... किणकिण... आणि मग धप्पकन! घोडं अलीकडे पोचलं. त्याच्यावरचा माणूस मात्र पाण्यात.

तिर्गाने दुधाचं भांडं दगडावर ठेवलं, गुडघाभर पाण्यात शिरली आणि त्याला मानगुटीला धरून काठावर ओढून आणलं.

“पोहता येतं मला,” तो धापा टाकत म्हणाला. “फक्त... आत्ता आठवत नव्हतं.”

तिर्गा गप्प.

“मी कासग. वरच्या तळ्याकाठचा. मीठ घेऊन आलोय. मीठ भिजलं नाही ना? टोपी... अरेरे, ती चालली! तुझं नाव काय?”

तिर्गाने भांडं उचललं.

“रागावलीस? की...” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “बोलता येत नाही तुला? असू दे. आमच्याकडे माझी आई म्हणते, मी दोघांपुरतं बोलतो.”

आणि तो खरंच बोलत राहिला. तंबूपर्यंत. पावसाबद्दल, घोड्याबद्दल, तिच्या डोळ्यांबद्दल. मुकी आहे म्हटल्यावर माणूस किती निवांतपणे खरं बोलतो! तिर्गाचे कान तापले. तिने मान खाली घातली, तंबूत शिरली, चुलीत दुधाची धार सोडली, हात जोडले. मग बाहेर येऊन म्हणाली,

“डोळ्यांबद्दल काय म्हणत होतास? पावसात नीट ऐकू नाही आलं.”

कासगचं तोंड उघडं ते उघडंच. तिर्गाची आत्या तंबूच्या दारात लोकर पिंजत बसली होती. ती इतकी हसली की लोकर सगळी अंगावर.

नदी चढली, आणि कासग अडकला. मीठ विकून झालं तरी जाता येईना. मग नदी उतरली... तरी तो जाईना. रोज पहाटे उतारावर घंटा वाजायची. तिर्गा दूध घेऊन चालायची, तो शेजारून बोलत चालायचा, आणि तिला उत्तर देता यायचं नाही. उत्तरं ती साठवून ठेवायची. दिवसभर पुरायची.

“तुझ्याशी लग्न करायचं तर तुझ्याशी कुस्ती धरावी लागते म्हणे?” एका दुपारी त्याने विचारलं. ती जर्दाळू वाळत घालत होती.

“रीतच आहे. तू जिंकलास तर मी तुझ्या तंबूत येणार, तू म्हणशील तसं होणार. मी जिंकले तर तू आमच्यात राहणार, मी म्हणेन तसं होणार.”

“आणि याआधी कोणी...?”

“आले होते. पाडले. दिले सोडून.”

“मलाही सोडून देशील?”

तिर्गाने एक जर्दाळू उलटला. मग तोच पुन्हा सुलटा केला. “नाही,” ती हळूच म्हणाली.

कासग हसला नाही. तो तिच्या शेजारी खाली बसला. मग म्हणाला, “तिर्गा... आईला दिसत नाही. एकटी असते. पौर्णिमेला आमची टोळी वरच्या कुरणात हलते. दरवर्षी मीच तिला हात धरून घोड्यावर बसवतो. दुसऱ्या कुणाचा हात ती धरत नाही. एकदा धरला होता, तर त्या शहाण्याने तिला ओढ्यात पाडलं. निघताना मी शब्द दिलाय, पौर्णिमेआधी येतो म्हणून. मी नाही गेलो तर ती बसून राहील. रिकाम्या माळावर. हट्टी आहे.”

“कुणासारखी, ते कळलं.”

“म्हणून म्हणतो... जरासा पाय घसरला तुझा, तर?”

तिर्गाचा हात थांबला. तिने पट्ट्यावर बोट ठेवलं आणि आईची शपथ त्याला सांगितली. अगदी हळू, जणू चूल ऐकत होती.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मग नको. मागितलं हेच चुकलं माझं. खोटी हरलेली तिर्गा घेऊन मी आईसमोर कुठल्या तोंडाने जाऊ? मी खरंच जिंकेन.”

“तू?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी हसू आलंच. “घोड्यावरून पाण्यात पडणारा तू?”

“पाण्यात पडलो म्हणून तर तू भेटलीस.”

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी कुस्ती ठरली. पुन्हा तीच झिमझिम. सगळी टोळी गोल करून उभी. तिर्गाचे वडील ओर्सिक मधोमध, काही न बोलता मिशी ओढत.

दोघांनी एकमेकांचे पट्टे धरले. कासगचे हात गार होते. आणि... मजबूत होते! मिठाच्या गोण्या उचलणारे हात. एकदा तर त्याने तिला जवळजवळ उचललंच. आत्याने किंचाळून पिंजलेली लोकर हवेत उडवली.

मग त्याचा डावा पाय चिखलात सरकला. एवढंसंच. तिर्गाला सगळं दिसलं... इथे टांग मारली की हा पडतो. नाही मारली, तर हा सावरेल, आणि मी जाईन त्याच्या आईकडे. एका श्वासाचा प्रश्न. कासगने तिच्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. त्याने मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणालाच दिसली नसती. नको.

तिर्गाने टांग मारली.

तो पाठीवर पडला. पाय मुडपून पडला. तिच्या घशातून हुंदका निघाला, पण गलक्यात तो विरला.

“आणला गं बाई जावई!” आत्या नाचत होती. “लंगडा का असेना!”

घोटा टम्म सुजला होता. हाडवैद्याने दाबून पाहिलं. “महिनाभर घोड्यावर बसायचं नाव काढू नकोस.”

कासगचा चेहरा पांढरा पडला. घोट्यामुळे नव्हे.

वडील पुढे झाले. “रीत पुरी कर, पोरी. हरलेल्याचं जे जे आहे ते तुझं. सगळ्यांसमोर सांग, काय काय घेतलंस.”

“याचं घोडं,” तिर्गा म्हणाली. “याचं धनुष्य. याचा लोकरीच्या नमद्याचा तंबू, तळ्याकाठी आहे तो.” तिने श्वास घेतला. “त्या तंबूत याची आई आहे. ती माझी. आणि तिला याने दिलेला शब्द. तोही माझा. मी जिंकलाय.”

आत्याचं नाचणं थांबलं.

“शब्द कुणी जिंकतं का?” आत्या म्हणाली. “आणि जिंकलेली पोर सासरी चालली, असं कधी कुणी ऐकलंय?”

“हरले असते तर याने नेलं म्हणून गेले असते. जिंकलेय, म्हणून मी जातेय. आत्या, जिंकलेलीचं ऐकायचं असतं ना?”

आत्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मिशी सोडली. त्यांची नजर पट्ट्यावर होती, आणि आवाज जरा ओला. “हिच्या आईने नुसता पट्टा नाही दिला हिला,” ते म्हणाले. “ऐकायचं असतं.”

संध्याकाळी दोघांनी एकाच वाडग्यातून घोडीचं आंबवलेलं दूध प्यायलं, आणि लग्न लागलं. कासगने लगामाची घंटा सोडवून तिच्या हातात दिली.

“आई तुझा हात धरणार नाही. आधी हिचा आवाज ऐकव. मग... मग तिचं ती ठरवेल.”

“आणि नाही धरला तर?”

“मी नाही का धरला? तुझ्या एका शब्दावाचून?”

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत तिर्गा उठली. घोडी पिळली. पण आज दूध चुलीपाशी नेलं नाही. चुलीला नमस्कार केला, दूध चामड्याच्या पिशवीत भरलं, तोंड घट्ट बांधलं आणि खोगिराला अडकवलं.

कासग काठीवर लंगडत बाहेर आला. “वाहिलं नाहीस?”

तिने पिशवीवर हात ठेवला. मग डोंगराकडे बोट दाखवलं.

त्याला कळायला क्षणभर लागला. “तिकडच्या चुलीला? म्हणजे दिवस मावळेपर्यंत एक शब्दही नाही?” तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. “बिचारी माझी आई! दोघांपुरतं बोलणारा मुलगा पाठवला, आणि परत येतेय ही...”

तिर्गाने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. थोडा वेळ ठेवलं, जरा जास्तच वेळ. मग ती घोड्यावर बसली. मागे त्याच्या आईसाठी दुसरं घोडं, मऊ नमदा घातलेलं. घंटा तिने लगामाला बांधली नव्हती. मुठीत धरली होती, वाटेत वाजू नये म्हणून. पहिली किणकिण त्या म्हातारीच्या कानांसाठी होती.

उतारावर पाणी गुडघ्याइतकं होतं. धुक्यात, आवाज न करता, ती पलीकडे गेली.