गिरणीच्या फाटकापाशी हजेरी

पालकांची सही आणायला घरोघर हिंडणं हे काही प्राध्यापकाचं काम नव्हे. पण बद्रीनाथ तांगडे सरांच्या कॉलेजातून दर हिवाळ्यात एमबीएची मुलं परदेशी अभ्यासदौऱ्याला जात आणि आपल्याकडच्या घरांचा स्वभाव सरांना पुरता ठाऊक होता. पोरगा असला तर बाप फोनवरच हो म्हणतो. पोरगी असली की नेणाऱ्याचं तोंड पाहायचं असतं. म्हणून त्या दुपारी ते संभाजीनगरच्या चेलीपुऱ्यात वहिदाच्या दारात उभे होते.

वहिदाला आईबाप नव्हते. तिची आजी अनवरीबी, हिनं शिवणकामावर तिला वाढवलेलं. म्हातारीनं आधी चहा पाजला, मग विचारलं, "पोलंड बोले तो दुबई के पुढे क्या, सर?"

"बरंच पुढं, अनवरीबी."

"वां ठंड रहती?"

"पुष्कळ."

म्हातारीनं चष्मा पुसला, सही केली आणि कागद हातातच धरून ठेवला. "मेरेकू येकीच है. जैसी ले जा रहे, वैसीच ला के देना."

"तुमच्या हातात आणून देईन," सर म्हणाले. हे वाक्य ते दरवर्षी कितीतरी दारांत म्हणत आणि आजवर ते खोटं ठरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी बसपाशी येऊन अनवरीबींनी नातीच्या उजव्या दंडाला इमाम जामिन बांधला. हिरव्या कापडात गुंडाळलेलं एक नाणं. प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला तो बांधतात. माणूस सुखरूप घरी आला की सोडायचा आणि नाणं गरिबाला द्यायचं. "मैं खोलूंगी, आये पे," म्हातारी म्हणाली. "तू हाथ नको लगा."

वहिदाची मैत्रीण वच्छला शेजारीच उभी होती. पाचोडची पोर, आजीचं नाव ठेवल्यामुळं सगळा वर्ग तिला वच्छलाबाई म्हणून चिडवायचा. "दादी, मलाबी बांधा की," ती म्हणाली.

"तेरेकू तेरा खंडोबा है ना!" म्हातारी हसली आणि बस निघाली.

पोलंडमधलं ते गाव एके काळी कापडगिरण्यांचं. गिरण्या बंद पडून जमाना झाला होता. त्यातल्या एका लांबलचक लाल विटांच्या इमारतीत आता मालाचं गोदाम होतं आणि माल कसा साठवतात, कसा रवाना करतात, ते बघायला दरवर्षीप्रमाणे सर मुलांना घेऊन आले होते. दुपारी चारलाच अंधार पडू लागला. बर्फ भुरभुरत होतं. गोदामात सगळं नवं, चकचकीत, तरीही ओल्या कापसाचा आणि जळक्या तेलाचा वास दाटलेला.

"सर, हा तर आपल्या वैजापूरच्या जिनिंगचा वास," बन्सी म्हणाला. बन्सी वैजापूरचाच.

"तुला कुठंही वैजापूरच दिसतं," वच्छला म्हणाली. "पोलंडच्या राणीला बघून म्हणशील, मावशीसारखी दिसते."

सरांनी वासाचं विचारलं, तेव्हा गोदामाचा माणूस मात्र हसला नाही. यंत्रं कधीच भंगारात गेली, तो इंग्रजीत म्हणाला. धुतो आम्ही, रंगवतो. वास जात नाही.

मुलं बसमध्ये चढली. सरांची हजेरीची पद्धत जुनी. ते डोकी मोजत नसत. ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून, मोबाइलच्या उजेडात मान खाली घालून एकेक नाव पुकारत. आता, उशिरा येणाऱ्या मित्राच्या नावाला ओ देणं हा कॉलेजातल्या पोरांचा हातखंडा. प्रॉक्सी म्हणतात त्याला. सरांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण परक्या देशात, बर्फात, कोण कशाला प्रॉक्सी देईल?

"वहिदा?"

"प्रेझेंट सर."

बस निघाली. फाटकाबाहेरच्या वळणावर सरांनी सहज मागं पाहिलं. वच्छलाशेजारी वहिदा बसली होती. बसमधल्या सगळ्या काचा मुलांच्या श्वासांनी धुरकटल्या होत्या. तिच्याजवळची काच तेवढी स्वच्छ होती.

पुढचे दिवस बरे गेले. वहिदा कमी बोलायची, कमी खायची. थंडी बाधली असेल, सर मनाशी म्हणाले.

मुंबईला उतरून सगळे बसनं संभाजीनगरकडं निघाले. वैजापूरपाशी समृद्धी महामार्गावर चहासाठी गाडी थांबली. छान कोवळं ऊन होतं. बन्सी गावाच्या दिशेनं हात जोडून उगाच नाटकं करत होता. वच्छला कागदी कप घेऊन सरांजवळ आली.

"सर, रागावू नका. एक सांगू?"

"बोल."

"गिरणीपाशी हजेरी झाली ना... वहिदाच्या नावाला म्या ओ दिली होती."

"काय?"

"ती बाथरूमला गेलती. तुम्ही कावले असते. म्हणलं, येईलच पळत. तेवढ्यात गाडी हलली. मी ओरडणार, तर..." तिनं बसकडं पाहिलं. "तर ती शेजारी बसलेली, सर. दार बंद होतं... दार उघडलंच नव्हतं."

"तुझं लक्ष नसेल."

"व्हय," वच्छला म्हणाली. "तसंच असंल." आणि उरलेला रस्ता ती बन्सीच्या सीटवर बसून आली.

संभाजीनगरात 'बाबा' नावाच्या पेट्रोलपंपापाशी तिचे वडील उभे होते. ती उतरली, मागं न बघता पाचोडच्या गाडीत बसली. वहिदाला मात्र सरांनी स्वतः रिक्षानं चेलीपुऱ्यात नेलं. शब्द दिला होता.

अनवरीबी दारातच होत्या. नातीचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला, कुरवाळला. मग उजवी बाही वर केली. दंड मोकळा होता. हिरवं कापड नव्हतं, बांधल्याचा वळदेखील नव्हता.

"इमाम जामिन कां है, बेटा?"

"वो क्या, दादी?" वहिदा म्हणाली.

म्हातारीचे हात हळूच खाली आले. तिनं नातीकडं नाही, सरांकडं पाहिलं. "सर... मेरी बच्ची कां है?"

"हीच की," सर म्हणाले. प्रवासानं थकलीय, पडला असेल कुठं, असं बरंच काही त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी तोंडून निघालं ते सवयीचं, हजेरीच्या सुरातलं.

"वहिदा?"

"प्रेझेंट सर," समोरची मुलगी म्हणाली.

आवाज वच्छलाचा होता. पाचोडचा तो किंचित ओढलेला हेल, वहिदाची नक्कल करताना लागलेला बारीक सूर, मधे दाबलेलं हसूसुद्धा. वच्छला तेव्हा पाचोडच्या वाटेवर होती.

अनवरीबींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग त्या दारातून बाजूला झाल्या. "अंदर आ," त्या तिला म्हणाल्या. "तू बी किसी की तो होंगी."

ती मुलगी शिकली. पास झाली. पुण्याला नोकरीला लागली, दर महिन्याला आजीला न चुकता पैसे पाठवते. पोलंडात कोणी मुलगी हरवल्याची वर्दी कुठं नाही. पासपोर्टवर परतीचा शिक्का आहे. सर कोणाला काय सांगणार? अनवरीबी मात्र दाराची कडी लावत नाहीत. सर भेटायला गेले की त्या एकच विचारतात, "इस साल जा रहे ना?"

सर दरवर्षी जातात. हजेरी आता ते तोंडी घेत नाहीत. प्रत्येकाच्या सीटपाशी जाऊन खांद्याला हात लावतात. मग खाली उतरतात. गिरणीच्या फाटकापाशी उभं राहून एकदाच, बेतानं, तिचं नाव घेतात. बर्फात काही हलत नाही. थोडं थांबून ते परत चढतात आणि त्यांना वाईटही वाटतं, हायसंही.

यंदाही ते उतरले. अंधारून आलं होतं. ओल्या कापसाचा वास फाटकाबाहेरपर्यंत आला होता.

"वहिदा?"

आतून, लांबून, धापा टाकत, तिचा स्वतःचा आवाज आला. "आले सर... थांबा, आले!"

सरांना अनवरीबींना दिलेला शब्द आठवला. त्यांनी हात वर करून ड्रायव्हरला खूण केली : थांब, दार उघडं ठेव.

बर्फावर पावलं वाजू लागली. जवळ आली. मग सरांच्या ध्यानात आलं, की ती पावलं एकट्या मुलीची नव्हती. वहिदाच्या आधी कित्येक वर्षं या फाटकापाशी त्यांनी कितीतरी तुकड्यांची हजेरी मान खाली घालून घेतली होती, आणि प्रत्येक मूल ज्याच्या त्याच्या माणसांच्या हाती सोपवलं होतं.

पावलं पुष्कळांची होती.