पाठीच्या खिशातलं यंत्र

वाटूरजवळच्या पुलाखाली, कोरड्या ओढ्यात देवानंद मेलेला सापडला. सायकल अंगावर आडवी पडलेली. बघणाऱ्याला वाटावं, तोल गेला आणि कठड्यावरून खाली आला.

फौजदार प्रियदर्शनी खरात ओढ्यात उतरल्या. सायकलचं मागचं चाक चेपलं होतं. हँडलवर जीपीएस यंत्र अडकवायची क्लिप मोडली होती, पण तिचा तुकडा आसपास कुठंच दिसेना. मुठीत मावणारं ते यंत्र मात्र देवानंदच्या जर्सीच्या पाठीमागच्या खिशात होतं. वर चेन लावलेली. छातीला ठोके मोजणारा पट्टाही तसाच होता.

"हे खिशात कोणी ठेवलं?"

"त्यानंच ठेवलं आसंल," थोरला भाऊ आदिनाथ डोळे पुसत म्हणाला. तो मोसंबीचा पिकअप चालवायचा. धाकट्याला शोधून काढलं तेही त्यानंच.

यंत्रातला माग बघून दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी त्यांच्या घरी गेल्या. आई, उषाबाई, दाराआड बसली होती. आदिनाथ अंगणात आला.

"काल सकाळी कुठं होता तुम्ही?"

"मोसंबी घिऊन जालन्याला गेल्तो. मोठ्या रस्त्यानं."

"देवानंद दिसला?"

"न्हाई."

"पिकअपचा दिवा कशानं फुटला?"

"मार्केटात धक्का लागला."



"देवानंद कुठून कुठं गेला, ते यंत्रानं टिपलंय. मोठ्या रस्त्यावर तो एकदम थांबला. मग निघाला तो तुमच्या बागेतून, पुलाकडं."

"त्याला पांदणीनं सायकल न्यायचा नादच व्हता, ताई."

"चेपलेल्या चाकानं? चढावर, मोटारीच्या वेगानं? तो थांबला तिथं क्लिपचा तुकडा मिळाला. दिव्याची काचही मिळाली. अपघात तिथंच झाला. मोडक्या क्लिपमधून पडलेलं यंत्र कुणीतरी उचललं आणि जपून त्याच्या खिशात ठेवलं. चोरानं ते नेलं असतं. परक्यानं फेकलं असतं. आणि बागेचं फाटक तुमच्याशिवाय कोण उघडणार?"

आदिनाथ मटकन खाली बसला.

"सूर्य डोळ्यावर आल्ता. दिसलाच न्हाई. हाका मारल्या, हलवलं, बिलकुल हालचाल न्हाई. मला वाटलं, गेला. मंग मनात आलं, एक लेकरू गेलं, दुसरं जेलात गेल्यावर आईनं बघायचं कुणाकडं? पडून मेला आसंच वाटू द्यावं. यंत्र लई आवडायचं त्याला. म्हणून त्याच्यासंगं ठेवलं. बटण दाबून बंद बी केल्तं."

"यंत्राची नुसती काच काळी झाली. नोंद चालूच राहिली."

"ताई, पर लगेच गेल्ता न्हवं? तरास न्हाई ना झाला त्याला?"

प्रियदर्शनींना खोटं बोलावंसं वाटलं. पण आज ना उद्या कोर्टात यंत्रातली नोंद वाचली जाणारच होती.

"पट्टा ठोके मोजत होता, यंत्र टिपत होतं," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही पुलाखाली सोडून गेल्यावरही. बराच वेळ."

आदिनाथनं तोंडात मूठ कोंबली.

उषाबाई बाहेर आली. भिंतीला धरत धरत लेकाजवळ बसली.

"गाडीखाली आला, ते दैव म्हणीन मी," ती म्हणाली. "पर एकटा कामून टाकलास रे त्याला? मला हाक मारायची व्हती. मांडीवर तरी घेतला आसता."

त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं, तिनं ते दूर सारलं नाही.

प्रियदर्शनींनी पोलीस गाडीचं दार उघडलं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. माय-लेकाला उठायला वेळ लागला.